उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह

पहाटे पाचच्या आधी फोन वाजला की मी अजूनही ताडकन उठून बसतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता एवढ्या पहाटे वाजणारा फोन कुणाचा तरी चुकून लागलेला असतो, पण अंगाला ते कळत नाही. नगरपरिषदेच्या अभियंत्याला त्या वेळी फोन येतो तो दोनच कारणांनी: एक तर पाणी आलेलं नसतं, नाही तर नको तिथे आलेलं असतं.

2011 च्या मार्चमधल्या एका पहाटे दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. गावाचं नाव सांगत नाही. तालुक्याचं गाव, पाच जलकुंभ आणि सगळं मिळून सव्वाशे-दीडशे व्हॉल्व्ह. बाजारपेठेच्या खालच्या अंगाला गटारं भरून वाहत होती आणि वरच्या आळीत बायका रिकाम्या हंड्यांची रांग लावून उभ्या होत्या. पोहोचलो तेव्हा व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी एक पोरगा बसला होता. वय बावीस-तेवीस. एजन्सीचा, म्हणजे मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचा. त्याच्या हातात टी-आकाराची लोखंडी चावी होती, तिच्यावर लांबीसाठी आणखी एक जीआय पाईप चढवलेला, आणि खड्ड्यात स्पिंडल तुटलेला सहा इंची स्लुइस व्हॉल्व्ह.

बंद करायचा व्हॉल्व्ह कसा फिरवतात, हे कुठल्याही माणसाला विचारा. घड्याळाच्या काट्यासारखा. पोराने तसाच फिरवला. फिरेना. जाम झाला असेल म्हणून त्याने पाईप घालून जोर लावला. व्हॉल्व्ह जाम नव्हता, तो आधीच पूर्ण उघडा होता आणि पोरगा त्याला आणखी उघडत होता. तो उलट्या आट्याचा होता. कधी काळी आलेल्या एका खेपेतले तीन व्हॉल्व्ह तसे बसले होते. डावीकडे फिरवले की बंद होणारे. गावात ही गोष्ट एका माणसाला ठाऊक होती. तो माणूस तीन महिन्यांपूर्वी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी गेला होता.

त्याला सगळे मामा म्हणायचे, मीही. निरोप धाडला तर सायकलवर आले. खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हा उलटा आहे. देवळाच्या मागचा आणि उर्दू शाळेजवळचा, ते दोन पण उलटेच." मी विचारलं, जाताना सांगितलं का नाही? मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कोणाला सांगू? माझ्या जागी कोणी आलंच नव्हतं."

मुख्य वाहिनी बंद ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवेपर्यंत अर्ध्या गावाला अडीच दिवस पाणी नव्हतं. नगरसेवक आले, टँकर आले, मोर्चा येता येता राहिला. कुणाला तरी जबाबदार धरणं भाग होतं. पोराला कारणे दाखवा नोटीस निघाली आणि एजन्सीने त्याला काढून टाकलं. त्या नोटिशीवर सही माझी होती. 'हलगर्जीपणामुळे शासकीय मालमत्तेचे नुकसान' असा शब्दप्रयोग होता, तोही माझाच. पुढे कितीतरी कागदांवर मी सह्या केल्या, पण ज्याबद्दल मनात आजही खुटखुटतं असा कागद तो एकच.

माणसं कमी आहेत ही तक्रार मी आयुष्यभर केली. ती खोटी नव्हती. महाराष्ट्रातल्या छोट्या नगरपरिषदेत बांधकाम आणि पाणीपुरवठा हे दोन वेगळे विभाग फक्त दाराबाहेरच्या पाट्यांवर असतात. आत खुर्ची एक, माणूस एक. सकाळी पाण्याच्या तक्रारी, दहाला रस्त्याच्या कामाची मोजमापं, ती मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत चढवायची, बाराला मुख्याधिकाऱ्यांची बैठक, दुपारी जिल्ह्याहून आलेल्या तक्त्यात माहिती भरायची, नगरोत्थानचा प्रस्ताव, तांत्रिक मान्यतेसाठी अंदाजपत्रक, कुणाची तरी बांधकाम परवानगी अडलेली, संध्याकाळी अतिक्रमणाचा पंचनामा. मधे गणपती आले की विसर्जन घाट, निवडणूक आली की मतदान केंद्रांचे रॅम्प. शेजारच्या नगरपरिषदेतलं पद रिकामं असेल तर तिथला अतिरिक्त कार्यभारही. एका वर्षी माझ्याकडे दोन गावांचा कार्यभार होता. सोमवार-बुधवार-शुक्रवार एकीकडे, मंगळवार-गुरुवार दुसरीकडे. पाईप मात्र वार पाहून फुटत नाहीत.

आकृतिबंध नावाचा एक कागद असतो. कुठल्या नगरपरिषदेत कोणती किती पदं असावीत ते त्यात ठरलेलं असतं. मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती, अशा तीन रकान्यांत सगळा कारभार बसवलेला. नवं पद मागायचं तर नगरविकास विभागाची मान्यता, आणि आस्थापना खर्चाची मर्यादा आधीच ओलांडलेली असते. म्हणून पद निवृत्तीनंतर रिकामं राहतं आणि काम एजन्सीकडे जातं. एजन्सीची निविदा वर्षाची. वर्ष संपलं की एजन्सी बदलते, पोरं बदलतात. निविदेत लिहिलेलं असतं, 'कुशल कामगार 4, अकुशल कामगार 9'. उलटा व्हॉल्व्ह ओळखणारा माणूस यातल्या कुठल्या रकान्यात बसतो, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या दप्तरी मामा अखेरपर्यंत 'मजूर'च होते.

माणसं भरलीच गेली नाहीत असं नाही. 2006 च्या नियमांनी नगरपरिषदांच्या अभियंत्यांची राज्यस्तरीय सेवा तयार केली. त्याआधी माणूस त्याच नगरपरिषदेत लागायचा आणि तिथूनच निवृत्त व्हायचा. त्याचे तोटे होते, स्थानिक पुढाऱ्यांचा जाच होता, काही जण तर पालिकेत वतनदारासारखे बसले होते. राज्यसेवेने तो गुंता सोडवला. 2023 च्या जुलैमध्ये नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने 1,782 पदांची जाहिरात काढली, त्यातली 391 स्थापत्य अभियंत्यांची होती आणि 65 पाणीपुरवठा, मलनिस्सारण व स्वच्छता अभियंत्यांची. इतक्या वर्षांनी इतकी मुलं एकदम येणार म्हणून निवृत्त असूनही मला आनंद झाला. ही मुलं हुशार आहेत, संगणकावर आमच्या दसपट वेगाने काम करतात, आणि अजून तरी त्यांना कुणाची भीती वाटत नाही.

पण एका गोष्टीची अडचण राहतेच. बदल्यांचा 2005 चा कायदा सरकारी नोकराचा एका जागेवरचा साधारण कालावधी तीन वर्षांचा धरतो, आणि नगरपरिषदांतही तोच हिशेब डोक्यात असतो. तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे. पहिल्यात माणूस बघतो, दुसऱ्यात त्याला कळतं, तिसऱ्यात त्याच्या हातून काहीतरी व्हायला लागतं. मग ऑर्डर येते. पूर्वीचा वतनदार परत आणा असं मी म्हणत नाही. पण त्याच्याबरोबर जे गेलं त्याची भरपाई कशाने करायची, याचा विचार त्या नियमांत कुठेच नाही. जाणारा आणि येणारा एका खड्ड्याशी एकदाही एकत्र उभे राहत नाहीत. कार्यभार हस्तांतरणाचा जो कागद असतो त्यात रोख रक्कम, धनादेश पुस्तक, मोजमाप पुस्तिकांची संख्या आणि कपाटाच्या चाव्या असतात. गाव नसतं.

प्रशिक्षणाचंही सांगायला हवं, कारण त्यावर खर्च होत नाही असं कुणी म्हणू नये. पुण्यात बाणेर रस्त्याला यशदा आहे. नाशिकला अभियंत्यांसाठी महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तर 1926 पासून आहे. स्वच्छता निरीक्षकांच्या कित्येक पिढ्या तिच्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडल्या. मी या ना त्या निमित्ताने बारा-तेरा प्रशिक्षणांना गेलो असेन. तीन दिवस, वातानुकूलित सभागृह, पडद्यावर स्लाइडी, दुपारी जेवणात गुलाबजाम, शेवटी प्रमाणपत्र आणि गटफोटो. पहिल्या दिवशी सगळे असतात, तिसऱ्या दिवशी दुपारनंतर निम्मे मंत्रालयात किंवा नातेवाइकांकडे गेलेले असतात. मीही गेलेलो आहे.

त्यातलं एकच प्रशिक्षण हाताला लागलं. जीवन प्राधिकरणातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिकवायला होते. त्यांनी पडदा लावलाच नाही. आम्हाला शुद्धीकरण केंद्रावर नेलं, टेबलावर काचेची सहा भांडी मांडली, सगळ्यांत तेच गढूळ पाणी, आणि प्रत्येकात तुरटीचं द्रावण वेगवेगळ्या मापाने. आधी भराभर ढवळायचं, मग सावकाश, मग स्वस्थ ठेवायचं. कोणत्या भांड्यात गाळाचे कापसासारखे पुंजके धरून तळाशी बसतात ते डोळ्यांनी पाहायचं. बाविसाव्या वर्षी मी जार टेस्टवर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. प्रत्यक्ष केली ती चाळिसाव्या वर्षी. आमच्या केंद्रावर तोवर तुरटीच्या लाद्या पाण्याचा रंग बघून टाकायचे. श्रावणात दोन जास्त, दिवाळीनंतर दोन कमी. परत आल्यावर मी तिथल्या ऑपरेटरला ती परीक्षा करायला शिकवली. पहिल्या महिन्यातच तुरटी कमी लागली. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे मला आधी का नाही दाखवलं?" त्याचं म्हणणं रास्त होतं. तुरटी टाकणारा तो, जार टेस्टच्या प्रशिक्षणाला गेलो मी. नामनिर्देशनाच्या अर्जात 'पदनाम : कनिष्ठ अभियंता व त्यावरील' असं छापलेलं होतं.

गंमत म्हणजे आपल्याकडे अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात नेमकी उलट टोकाकडून झाली होती. पुण्यात 1854 मध्ये इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल निघालं, तेच पुढे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. ते निघालं बांधकाम खात्यातल्या दुय्यम नोकरांना तयार करण्यासाठी. ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम होतं तो माणूस आधी शिकला पाहिजे, हे इंग्रजाला त्याच्या सोयीपुरतं का होईना कळलं होतं. त्याच कॉलेजातून विश्वेश्वरय्या बाहेर पडले, 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि सुरुवातीलाच खानदेशात गेले. खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले ते 1903 साली. मधली एकोणीस वर्षं ते याच इलाख्यातल्या नद्या आणि कालवे पाहत होते. दर 15 सप्टेंबरला अभियंता दिनी आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, भाषणात दरवाजांचा उल्लेख येतो. त्या एकोणीस वर्षांविषयी कुणी बोलत नाही.

निवृत्तीनंतर मी कळंबला राहायला आलो. आंबेगाव तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर. मंचर खाली, नारायणगाव वर, जुन्नर तासाभरावर. हा सगळा मुलूख पाण्याच्या कामांनी विणलेला आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं इथेच: घोडवरचं डिंभे, कुकडीवरची माणिकडोह आणि येडगाव, मीनेवरचं वडज आणि पिंपळगाव जोगे. आवर्तन सुटलं की पार नगर, सोलापूर जिल्ह्यांपर्यंत त्याची वाट पाहिली जाते. आणि इथेही तेच आहे. कालव्याचं कुठलं दार किती इंच उचललं की कुठल्या पोटचारीला पाणी चढतं, हे पाटकऱ्याला माहीत. असा एक निवृत्त पाटकरी आमच्याकडे चहाला येतो. त्याच्या जागी माणूस आलेला नाही. शेतकरी आता आपणच दार उचलतात आणि मग एकमेकांची डोकी फोडतात.

जुन्नरला मी बरेचदा नुसता भटकायला जातो. शिवनेरीवर लोक शिवजन्माची इमारत पाहतात. मी आधी टाकी पाहतो. गंगा-जमुनेचं पाणी मार्च-एप्रिलातही तसंच गार. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या वर कोरीव लेणी आहेत, आणि त्यांतल्या लेखांमध्ये 'पोढी' हा शब्द येतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवी दिल्याचे, शेताचं उत्पन्न श्रेणीकडे सोपवल्याचे लेख आहेत. दाता मरणार, श्रेणी राहणार, म्हणून पैसा श्रेणीकडे. लेणं खोदून झालं की काम संपलं असं दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही वाटत नव्हतं. मी इथे जरा ताणतोय, हे मला कबूल आहे. लेखातल्या ओळीला आस्थापना विभागाचा शासन निर्णय करू नये. पण पाणीपुरवठा योजनेच्या कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्यांची चौदा नावं असतात आणि ती चालवणाऱ्याचं एकही नसतं, तेव्हा ती ओळ आठवते.

माळीण इथून दूर नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर गावावर आला, 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाला. तोच रस्ता तो रोज पाहत होता. त्या दुर्घटनेवर बोलण्याचा अधिकार मला नाही. पुनर्वसनाबद्दल मात्र एक अभियंता म्हणून लिहितो. आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं. शाळा, घरं, रस्ते, सगळं देखणं, आणि एप्रिल 2017 मध्ये ते लोकांच्या हाती दिलं. त्याच जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, लोक रात्रभर जागे राहिले. तिथे काम करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. कमी वेळात, जखमी लोकांसाठी, डोंगरात सपाट जागा तयार करायची होती. पण भरावाची जमीन एक पावसाळा पाहिल्याशिवाय खरं बोलत नाही, हे त्या खोऱ्यातला कुठलाही म्हातारा सांगेल. खाचराचा नवा बांध घातला तर तो पहिल्या वर्षी त्यावर विसंबत नाही. भराव दाबायचं यंत्र असतं, घनता तपासायची चाचणी असते, ती करायलाच हवी. पावसाळ्याला मात्र पर्याय नाही.

माणसाचंही मला तसंच वाटतं. नव्या माणसाला जुन्या माणसाबरोबर एक पावसाळा मिळाला पाहिजे. निवृत्तीच्या सहा महिने आधी त्या जागेवर दुसरा माणूस आला पाहिजे, मग त्याला अधिसंख्य पद म्हणा नाही तर आणखी काही. सहा महिन्यांचा एक जादा पगार, हा त्याचा सगळा खर्च. एका फुटलेल्या वाहिनीच्या टँकरांचं बिल त्याहून मोठं होतं, मी स्वतः पास केलेलं आहे.

व्हॉल्व्ह तुटला त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी मुलीला घेऊन खोडदला गेलो होतो. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहू देतात. 45 मीटर व्यासाच्या 30 डिशा, काही खोडदला एकत्र, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. पोरं आकाशगंगेबद्दल विचारत होती, मी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं, वंगण कोण घालतं? तो हसला आणि मग रंगून सांगत सुटला. मला आकाशगंगेतलं काही कळलं नाही. पण एक गोष्ट पाहून मी थबकलो. प्रत्येक डिशला नाव होतं. मध्यातल्यांना सी, बाहेरच्यांना दिशेप्रमाणे डब्ल्यू, ई, एस आणि पुढे आकडा. अमकी डिश म्हटलं की तिथे सगळ्यांना तीच डिश कळते. माझ्या गावात 'देवळाच्या मागचा' व्हॉल्व्ह होता, आणि देवळं सतरा होती.

परत आल्यावर मी मामांना बोलावलं. चार महिने, मानधनावर. रोज पहाटे ते, मी आणि एजन्सीची दोन पोरं, असे गावभर फिरायचो. मामा चावी लावायचे, पोरं मोठ्याने आटे मोजायची. मी दोनशे पानी वहीत लिहायचो: नंबर, जागा, खुणेसाठी जवळचा दिव्याचा खांब आणि त्यापासूनचं अंतर, इंच, आटे किती, सुलटा की उलटा, किती वाजता उघडायचा, कोणाच्या नंतर. शेवटचा रकाना मामांनी सुचवला: 'स्वभाव'. त्यात अशा नोंदी आहेत: 'अठराव्या आट्याला अडकतो, थांबून पुन्हा फिरवणे.' 'सावकाश बंद करणे, पुढे जुना एसी पाईप आहे, दणका बसतो.' 'पूर्ण उघडू नये, खालच्या आळीचा दाब जातो.' 'झाकणाखाली विंचू.' ही शेवटची नोंद मी थट्टा समजून खोडणार होतो. तिसऱ्या दिवशी विंचू निघाला.

ते चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात उपयोगाचे चार महिने होते असं माझं मत आहे. लेखापरीक्षणाचं मत वेगळं पडलं. सेवानिवृत्त कर्मचाऱ्यास पूर्वमान्यतेशिवाय मानधन अदा केल्याने सदर खर्च अनुज्ञेय नाही, असा आक्षेप निघाला. उत्तर दिलं, अनुपालन सादर केलं, पुन्हा आक्षेप. माझी बदली झाली, आक्षेप माझ्या मागोमाग नव्या गावी आला. नियमाने बघितलं तर लेखापरीक्षकाचं चुकलेलं नव्हतं. मान्यता मी घेतलीच नव्हती, कारण मागितली असती तर मामांच्या हयातीत मिळाली नसती.

मंचर आता नगरपंचायत आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते तेव्हा कर्मचाऱ्यांच्या समावेशनाचा प्रश्न येतो: शिक्षण किती, नेमणूक मंजूर पदावर होती का, तारीख कोणती. पाट्या बदललेली अशी बरीच गावं मी महाराष्ट्रात पाहिली. दरवेळी भीती एकाच माणसाची वाटते, पंपावर वीस वर्षं काढलेल्या आठवी पास माणसाची. कुठे तो अर्हतेत बसला आणि राहिला, कुठे नाही बसला. त्याला बसवण्यासाठी नियम वाकवावा असं नाही. पण घरी पाठवण्याआधी त्याला एक वही आणि एक पोरगं द्यायला काय हरकत आहे?

पोरांची वानवा नाही. अवसरी खुर्दला 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतनही तिथेच. स्थापत्यची मुलं दरवर्षी बाहेर पडतात आणि पुण्याच्या साइटवर जातात. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन. आधी सहा महिन्यांची, पुढे मुदत वाढवून अकरा. कल्पना चांगली होती. माझ्या ओळखीतला एक पदविकाधारक त्यातून एका कार्यालयात गेला. काय शिकलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "आवक-जावक." त्याच्या टेबलापासून पंपगृह चालत दहा मिनिटांवर होतं. त्याला कुणी तिकडे पाठवलं नाही, त्यालाही जावंसं वाटलं नाही. कार्यालयात पंखा होता.

नव्या भरतीतली एक मुलगी माझ्या त्या जुन्या गावी अभियंता म्हणून रुजू झाली. कपाट आवरताना तिला वही सापडली. बाइंडिंग सुटलेलं, मधली काही पानं पाण्याने चिकटलेली. पहिल्या पानावरून माझं नाव आणि कुणाकडून तरी फोन नंबर मिळवून तिने फोन केला. पहाटे नाही, चांगला दुपारी. "सर, यातले एकशे चौदा व्हॉल्व्ह मला सापडले. बाकीचे डांबराखाली गेलेत." मग एका रविवारी ती कळंबला आली. अंगणात बसून आम्ही पान पान वाचलं. मामांना जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती. काही ठिकाणी माझं अक्षर मलाच लागेना. 'स्वभाव' रकाना वाचताना ती खूप हसली. नंतर तिने तिच्या कंत्राटी पोरांना घेऊन पहाटेच्या फेऱ्या सुरू केल्या, सगळं मोबाइलमध्ये जागेसह टिपलं, त्याचा नकाशा केला. मला ते उघडता येत नाही, पण तिने छापून पाठवला तो भिंतीवर लावलाय. तिच्या तीन पावसाळ्यांतला तेव्हा पहिला संपत होता.

परवा जूनच्या सुरुवातीला पुन्हा तिचा फोन आला. मागे ट्रक हॉर्न देत होते, ती रस्त्यावरच उभी असावी.

"सर, उर्दू शाळेजवळचा काढला. गळत होता. नवा बसवला, तो सरळ आहे. वहीत 'उलटा' लिहिलंय, ते खोडू का?"

म्हटलं, खोडू नकोस, शेजारी आजची तारीख घाल आणि 'बदलला' लिही. आणि पोरांना सांगितलंस का?

"सांगितलं ना. पण त्यांना डावीकडे फिरवायची सवय झालीये. आज सकाळीच एकाने पाईप घातला होता चावीवर, मी ओरडले म्हणून थांबला."